पऱ्हाटीची राख

सूत रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने आमच्या गावच्या बायकांना फसवलं. मला फसवलं नाही. माझ्या मालाचा पैसा त्याने ठरल्या दिवशी दिला आणि त्या बाबतीत मला त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी चिडका माणूस आहे हे जालन्याच्या एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे. माझं भांडण झालं म्हटलं की लोक धरून चालतात, भावावरून झालं असणार.

भांडण राखेवरून झालं.

मी टेंभुर्णीच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये पऱ्हाटीच्या कांड्या तयार करतो. कापूस वेचून संपला की शेतात उभी राहते ती वाळकी काडी म्हणजे पऱ्हाटी. ती आणायची, यंत्रात घालून भुसा करायचा, वाळवायचा आणि प्रेसमध्ये दाबायचा. मनगटाएवढी जाड, घट्ट कांडी बाहेर पडते. कारखान्याच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी ती जळते. बाजारात तिला पांढरा कोळसा म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. ज्याच्यापासून सुटायचं त्याचंच नाव कशाला लावायचं?

कोळशाशी माझी जुनी ओळख आहे. वडील मेंढरं राखायचे. घासाघीस मी त्यांच्याकडून शिकलो, बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा तेव्हा त्यांच्या शेजारी उभा राहून. मेंढरं सरली, मग मी जालन्याला येऊन लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर लागलो. काम एकच, फावड्याने कोळसा टाकायचा. नाक शिंकरलं की काळं निघायचं. आंघोळ करून झोपलो तरी सकाळी उशीवर डोक्याएवढा काळा डाग असायचा. तिथे मी सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत दर उन्हाळ्याच्या तोंडाला गावी गेलो की दिसायचं, शेताशेतात पऱ्हाटी पेटवलेली आहे. इकडे नुसती नकोशी झाली म्हणून जाळायची आणि तिकडे जाळायला म्हणून रेल्वेने दुरून कोळसा आणायचा. हे गणित मला तेव्हाच खटकलं होतं. ते सोडवायला हातात पैसा यायला पुढे बरीच वर्षं लागली.

वडीगोद्रीच्या हायवेला एकाचं असंच शेड बंद पडलं होतं. त्याची जुनी प्रेस मी दोन दिवस भांडून उचलली. तो माणूस शेवटी म्हणाला, "घेऊन जा बाबा, पण आता बोलू नको." मी ते कौतुक समजलो.

पहिल्या वर्षी गावात पऱ्हाटीचा सौदा केला आणि तिथेच चुकलो. मी पुरुषांशी बोललो. आमच्याकडे पऱ्हाटी शेतात उभी असते तोवर पुरुषाची, आणि उपटून बांधावर रचली की बाईची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडत कोणी नाही. मी त्याच गावात वाढलो आणि तरी विसरलो. पहिली ट्रॉली भरत होतो तेव्हा माझी एक चुलती आली. सख्खी नव्हे, भावकीतली. वय सत्तरीच्या पुढे, पाठीत वाकलेली. येऊन ट्रॉलीच्या पुढ्यातच बसली.

"कुणाला इचारून भरून राह्यला रे?"

"काकू, तुमच्या पोराशी बोलणं झालं. भाव ठरला."

"पोरगा चूल फुकतो का?"

"चूल कुठं राहिली आता? गॅस हाय तुमच्याकडं."

"गॅसला राख पडती का? मंग भांडे कशानं घासू? तुरीला काय लावू, तुझं थोबाड?"

मागे आणखी पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्या हसल्या. मी भाव थोडा वाढवून सांगितला. काकूने ऐकलंच नाही असं केलं.

"पैसे पोराला दे. मला राख आण."

"राख कुठून आणू? ती तर कारखान्यात जळणार."

"जळून मंग जाती कुठं? उडून थोडीच जाती?"

मी जन्मभर घासाघीस केलेला माणूस, पण इथे मी मान डोलावली. ट्रॉलीमागे दोन पोती राख परत आणायची, असं ठरवून काकू उठली. उठताना म्हणाली, "आणि चाळून आण. खडे मी निवडत न्हाई."

मला तेव्हा ते झंझट वाटलं. आज सांगतो, माझा धंदा उभा राहिला तो या एका अटीवर. गाडी कारखान्यात भरून जायची आणि रिकामी यायची, ती आता राख घेऊन येऊ लागली. कारखान्याला राख टाकायला जागा शोधावी लागेना. बायका त्या राखेने भांडी घासत. बियाण्याच्या तुरी-मुगाला चोळत, म्हणजे किडा लागत नाही. उरलेली वांग्या-कांद्यावर धुरळत. पऱ्हाटी बांधावर पडून राहायची थांबली तशी तिच्यात दडून बसणारी बोंडअळीही कमी झाल्यासारखी लोकांना वाटली. हे ऐकून भोकरदनकडून, पार धावड्यापासून बायकांचे निरोप आले की आमचीही पऱ्हाटी न्या, पण राख द्या. पुरुषांशी मग मी फक्त भाव बोललो. सौदा बायकांशी केला.

दुसरा उपकार बॉयलरवाल्या चाचांचा. ते याच सूत रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर चालवत होते. माझी पहिली गाडी तिथे उतरली त्या दिवशी वाफच चढेना. धूर नुसता, आणि वाफेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलेना. मालक म्हणाला, गाडी परत भरा. मी बॉयलरसमोर उभा राहून ओरडायला लागलो की माल चांगला आहे, तुमची भट्टीच खराब आहे. चाचा घाम पुसत म्हणाले, "चिल्लाने से भाप नहीं बनती, बेटा." मग मालकाकडे वळून म्हणाले, "साहब, आठ दिन दो. इस भट्टी को कोयले की आदत है. मेरे को भी है."

ते आठ दिवस मी तिथेच होतो. कोळसा एकदा जाड थर लावून टाकला की निवांत जळतो. पऱ्हाटीची कांडी तशी नाही. ती थोडी थोडी, पुन्हा पुन्हा टाकायची आणि वरून वारा जास्त द्यायचा. चाचांनी हे कुठे वाचलं नव्हतं. ते आगीचा रंग बघत, दार किंचित उघडून ऐकत, आणि मला सांगत, "ये घास की औलाद है, इसको भूख बार-बार लगती." नवव्या दिवशी काटा जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला. पुढे दुसऱ्या कारखान्यांत मी हीच रीत शिकवली आणि लोक मला जाणकार म्हणू लागले. जाणकार चाचा होते.

आणि मालकाचंही चांगलं सांगितलं पाहिजे. तो माझ्यापेक्षा लहान, शिकलेला. माझ्या शेडवर स्वतः आला, पत्र्याखाली बसून गुळाचा चहा प्यायला, प्रेसमध्ये हात घालून बघितलं. कारखान्याच्या छतावर त्याने सूर्याच्या विजेच्या पाट्या बसवल्या. रंगाच्या टाकीतून वाहून जाणाऱ्या गरम पाण्यावर येणारं थंड पाणी तापवून घ्यायची नळ्यांची जोडणी केली, म्हणजे जळण तेवढं कमी. मला म्हणाला होता, "भाऊ, बाहेरदेशी माल घेणारे आता विचारतात, सूत कशावर रंगवलं. मला खोटं सांगायचं नाही." मी त्या माणसाला मान देत होतो. परका असता तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो.

वर्षभरात त्याच्या फाटकावर पाटी लागली, कोळसामुक्त कारखाना. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला एक छोटी शेड, तिच्यात माझ्या कांड्या सरळ रचून ठेवलेल्या. पाहुणे आले की तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत. मीही एकदा काढला. घरी लावलेला होता.

मग एका वर्षी पहिल्याच पावसात माझ्याकडून चूक झाली. शेडचा पत्रा एका बाजूने उचकटला होता, तिकडचा ढीग ओलावला आणि मी घाईत तसाच भरून पाठवला. ओल्या कांड्या फुगून फुटल्या. वाफ उतरली, रंगाचा एक घाणा वाया गेला. मालकाने फोन केला तेव्हा मी ऐकून घ्यायचं सोडून उलट बोललो. चूक माझी होती, पण मला ती मान्य करायला तीन दिवस लागले. तोवर त्याने एक ट्रक कोळसा मागवला होता. "आठच दिवस," म्हणाला.

त्यानंतर त्याची मागणी कमी झाली. आठवड्याला चार गाड्या जायच्या त्या दोन झाल्या, मग एक. इथे माझी हुशारी मला आडवी आली. मला वाटलं, हा भाव पाडायला बघतोय. माल कमी घ्यायचा, समोरचा घाबरला की भाव तोडायचा, हा डाव मी स्वतः कितीदा खेळलोय. मी ठरवलं, आपण विचारायचंच नाही. तो आधी तोंड उघडेल. मी फुगून बसलो. तो काही बोलेना.

बायको भाकरी वाढताना म्हणाली, "अहो, ते भाव पाडायचं बोलंनातच?"

"डाव हाय त्याचा. तुला न्हाई कळायचं."

"भाव करायला गरज लागती. त्याह्यला गरज राह्यली न्हाई, असं वाटून राह्यलं मला."

"जेवू दे मला."

मी पाच महिने फुगून बसलो होतो. आधी विचारलं असतं तर बायकांचं नुकसान टळलं असतं. हे मला रोज आठवतं.

दिवाळीच्या आधी काकू शेडवर आली. एका हातात पितळेची घागर, दुसऱ्या हातात पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. घागर माझ्यापुढे ठेवली. पोटावर बारीक ओरखडे होते, मांजराने नखं मारावीत तसे.

"लग्नात आलती माझ्या. आजवर एक चरा न्हाई." पदराची गाठ सोडली. "ही आपली राख न्हाई."

"काकू, तिथूनच येती. आपल्याच कांड्या जळत्यात तिथं."

"मंग हात काळे कशानं झाले?" तिने तळवे पुढे केले. "पऱ्हाटीची राख धुतली की जाती. ही रगडून जाईना."

मी चिमूटभर राख तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळली. बारीक काचेसारखे कण आणि त्यांत काळे, चमकणारे खडे. मग वास घेतला. इतकी वर्षं मध्ये गेली होती, पण उशीवरचा तो डाग डोळ्यांपुढे उभा राहिला. दगडी कोळसा. सहा वर्षं कोळसा उपसलेला मी, महिन्यामहिन्याला ती पोती माझ्या गाडीतून उतरत होती आणि मी कधी एका पोत्यात हात घातला नव्हता. आणि ओळखला कोणी, तर जिने कधी दगडी कोळशाचा खडाही पाहिला नव्हता तिने.

काकू एवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, "चार जणींनी पेरायच्या मुगाला लावली ही. आता त्या मला इचारून राह्यल्या. मी जामीन राह्यलते तुझी."

तो मूग बायकांनी चाळला, धुतला, वाळवला. धुतल्यावर तो डाळीला चालला, पेरायला नाही. वर्षानुवर्षं घरात जपलेलं बियाणं गेलं. कोणी भरपाई मागितली नाही. फक्त त्या आठवड्यात एकीनेही पऱ्हाटीचा शब्द दिला नाही. मागच्या हंगामाची उरलीसुरली पऱ्हाटी न्यायला ट्रॉली घेऊन गेलो तर बांधावरून उठून घरात गेल्या. काकूही.

मी एक पोतं राख घेऊन कारखान्यात गेलो. जाताना रस्ताभर स्वतःला बजावलं, शांत बोलायचं. मालकाच्या केबिनमध्ये पोतं ठेवलं.

"शेठ, ही राख कशाची?"

"बसा भाऊ, चहा घ्या."

"राख कशाची ते सांगा."

त्याने पोत्याकडे बघितलंही नाही. "थंडीच्या ऑर्डरी आहेत. वाफ कमी पडून चालत नाही. थोडा आधार घेतो कोळशाचा, सगळेच घेतात. तुमची गाडी सुरू आहे ना? पैसे वेळेवर आहेत ना?"

"आणि फाटकावरची पाटी?"

"ती हळूहळू खरी होईल. तुमचं नुकसान काय झालं, ते सांगा."

इथे मी पोतं उचलून त्याच्या टेबलावर उपडं केलं. कागद, फोन, चहाचा कप, सगळं काळं झालं. त्याच्या माणसांनी मला बाहेर काढलं. ही माझी दुसरी चूक. त्या दिवसापासून एमआयडीसीत चर्चा झाली ती माझ्या रागाची. राख कशाची होती हे कोणी विचारलं नाही. माझ्या रागाने त्याची सुटका केली.

बॉयलर हाऊसच्या मागच्या भिंतीपाशी चाचा भेटले. मी त्यांच्यावरही चढलो. म्हणालो, तुम्हीसुद्धा सांगितलं नाही. त्यांनी मला बोलू दिलं. मग हळूच म्हणाले, "मेरे को हुक्म था, कोयले की राख पीछे के गड्ढे में डालो, सफेद वाली गाडी में भरो."

"मग काळी कशी आली गाडीत?"

"मैंने भरी."

"का, चाचा?"

"मुंह से बोलता तो नौकरी जाती. छह महिने बाकी थे मेरे. सोचा, तू देखेगा, तू कोयले का आदमी है. तूने तो देखा ही नहीं. चार महिने भरता रहा मैं."

त्यांना वाटलं होतं की पहिल्याच पोत्याला मी धावत येईन. मग मी मुगाचं सांगितलं. त्यांना बियाण्याचं माहीत नव्हतं. "इसकी माफी मैं खुद मांगूंगा," म्हणाले, आणि मागितलीही. नोकरी संपल्यावर ते आमच्या गावी आले आणि काकूच्या ओट्यावर बसले. काकूने त्यांना चहा दिला, आणि वर ऐकवलं, "बाबा, पुढल्या टायमाला चिठ्ठी पाठवा. घागरीवर लिहू नका." ते खूप हसले. आता ते त्यांच्या मुलाकडे राहतात, म्हणून हे लिहायला हरकत नाही. त्यांना विचारून लिहिलं आहे.

त्या कारखान्याला माल देणं मी बंद केलं. ते माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, आणि त्या वर्षाचा हिवाळा कसा काढला ते मला आणि बायकोला माहीत. तिने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. एकदाच, भाकरी वाढताना, नुसती बघून हसली.

मग काकूच आली. या खेपेला रिकाम्या हाताने. म्हणाली, "नवीन कारखाना बघ. पण राख आधी मी बघीन, मंग पोती उतरव." तेव्हापासून तसंच चालू आहे. आज दोन कारखाने माझ्या कांड्यांवर चालतात, एक तेलाचा आणि एक पुठ्ठ्याचा. दोन्हीकडे पावसाळ्यासाठी पक्क्या छताखाली वाळका साठा करून ठेवतो, ओल्या कांड्यांचं निमित्त कोणाला मिळू नये म्हणून. राखेची गाडी गावात आली की काकू पोत्यात हात घालते, चोळते, वास घेते. तिने मान हलवली की पोती उतरतात. कारखाना कोळसामुक्त आहे असा कागदावर शिक्का मारायला येणारे साहेबलोक दोन तास हिंडतात, चिमणी बघतात, वह्या बघतात. काकूला लागतो एक मिनिट.

मी पुष्कळांचा देणेकरी आहे, आणि हे देणं पैशाचं नाही. बायकोने गरज ओळखली, चाचांनी आग शिकवली आणि खोटं गाडीत भरून पाठवलं, त्या चार जणींनी मूग गमावूनही पुढच्या वर्षी पऱ्हाटी दिली. आणि काकू माझ्यासाठी जामीन राहिली. वडिलांनी मला भाव करायला शिकवलं. हात घालून बघायला काकूने शिकवलं. या वयात तिने मला पुन्हा कामाला लावलं. मी आता रोज पोत्यात हात घालतो.

पण ती पाटी अजून फाटकावर आहे. परवा तिथून गेलो तेव्हा नवीन रंग दिलेला दिसला. डाव्या हाताच्या शेडमध्ये माझ्याच जुन्या कांड्या रचलेल्या आहेत, वरची धूळ पुसलेली.

तेव्हा शेठ, या खेपेला ओरडत नाही. टेबल काळं केलं त्याची माफी मागतो, इथे, सगळ्यांसमोर. आता तुमची पाळी. एक दिवस काढा आणि आमच्या गावी या. काकूच्या ओट्यावर बसा. त्या राखेची एक मूठ मी जपून ठेवली आहे, ती तुमच्या तळहातावर ठेवीन. त्या चार जणी समोर बसतील. त्यांनी तुमच्या भट्टीसाठी पऱ्हाटी दिली आणि तुमच्याकडून आलेली राख विश्वासाने बियाण्याला लावली. त्यांना सांगा, ही राख कशाची आहे. आणि तुमच्या कारखान्याला शिक्का देऊन गेलेल्या साहेबांनाही सोबत आणा. बॉयलरच्या मागचा खड्डा त्यांनी का बघितला नाही, ते त्यांनी सांगावं.

माझं नुकसान काय झालं, ते विचारू नका. त्यांचं विचारा.